वुड-बी

ग्रिम्सबीच्या सांजपत्रात, गोदीकडच्या खिडकीपाशी
हेड्ली मार्फ्लीट बातम्यांवर शेवटचा हात फिरवतो.
खिडकी रंगानं चिकटून बसलीय, उघडत नाही,
तरी माशांचा वास वाट काढून येतोच.

मंगळवारची बातमी अशी:
पहाटे तीनला बेकरीच्या छतातल्या झरोक्यात
एक माणूस अडकला. पाय आत, पोट बाहेर.
अग्निशामक दलानं साबण लावून त्याला उपसला.
मी लिहिलं, चोर.
हेड्लीनं चष्म्यावरून पाहिलं.
‘चोरलं काय त्यानं?’
काहीच नाही.
‘मग चोर कसा?’
आणि चोराच्या आधी त्यानं दोन शब्द बसवले,
मध्ये एक आडवी रेघ.
वुड-बी.

मी म्हटलं, आमच्याकडे वुड-बी म्हणजे
साखरपुडा झालेला मुलगा.
हॉल ठरलेला, पत्रिका छापायला गेलेल्या,
आणि मावशी विचारते, तुझा वुड-बी करतो काय गं?

हेड्ली हसला नाही.
इकडे, म्हणाला, वुड-बी लागलं
की समजायचं, बेत फसला.
वुड-बी राजा, त्याच्या डोक्यावर टोपीसुद्धा नाही.
वुड-बी विनोदी, म्हणजे कुणी हसलं नाही.
नवऱ्या मुलाला हा शब्द लावता तुम्ही?
धीराची माणसं आहात.

त्या दिवसापासून मला त्या रेघाच दिसू लागल्या.
वुड, कुड, शुड, माइट:
वाक्यात होते तोवर राबणारे,
कर्त्यामागून निमूट चालणारे.
वाक्य पुरं झालं नाही, तसे
एकमेकांचे हात धरून निघाले
आणि कुठल्याशा नामाच्या दारात
विशेषणाचा कोट चढवून उभे राहिले.
काहींनी तर नामालाच घराबाहेर काढलं.
शनिवारच्या पुरवणीत मस्ट-हॅव आहे,
एक चामडी पर्स, एकशे चाळीस पौंड.
गोदीवरच्या पबात हॅज-बीन बसतात,
त्यांचं निदान झालं तरी होतं काहीतरी.

आमचं जर-तर असं धीट नाही.
आत्याबाईला मिशा असत्या तर,
एवढं म्हणून आम्ही थांबतो.
मिशांना कुणी घरी नेत नाही.

गुरुवारी नोरीन अटिंग आली, छोटी जाहिरात घेऊन.
एकेकाळी बर्फाच्या कारखान्यात होती,
आता एकाहत्तर, ओठांवर गडद लाल रंग.
पैसे मोजता मोजता काचेपलीकडे मान वळवून
मला म्हणाली, तो ना?
तो माझ्या माइट-हॅव-बीन्सपैकी एक.
आणि सुटे घेऊन गेलीसुद्धा.

हेड्लीनं तासभर दर्यावरच्या हवामानाचा मजकूर तपासला.
त्यात चूक नव्हती.
मग माझ्याकडे न बघता विचारलं,
‘शेवटी एस् होता?’
होता.
‘नक्की?’

काय सांगणार?
सांगितलं, आमच्या भाषेत
एकट्या माणसालाही अनेकवचन लावतात.
आदरासाठी.
नवरा झाला असता, असं नाही म्हणत,
झाले असते, म्हणतात.
तो बराच वेळ पेन्सिलीचं टोक बघत राहिला.
‘नोरीनला मराठी येतं?’
नाही.
‘तेच म्हणतो.’

जाहिरात तीन ओळींची होती.
दोन कॅनरी, पिंजऱ्यासकट.
एक गातो.
दुसराही कदाचित गाईल.
या पानावर कदाचित चालत नाही,
हा हेड्लीचाच नियम, तेवीस वर्षांचा;
गिऱ्हाईक उद्या भांडायला येतं.
पेन्सिल त्या माइटपाशी गेली, थांबली,
पुढे जाऊन पिंजऱ्याचं स्पेलिंग नीट केलं.
माइट त्यानं राहू दिला,
सुटा,
आजूबाजूला कुठलीच रेघ नसलेला.