माणशी एक

मेंदोसात ज्या पैशात एक टीव्ही येतो
त्यात डोंगरापलीकडे, सांतियागोत, दोन येतात.
आमच्या गल्लीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.
रुबेननं वहीत हिशेब मांडला:
बसभाडं, एका रात्रीची खोली, पाव न् चीज घरून,
आणि जकातीची सूट. ती माणशी.
म्हणजे माणसं हवीत.
आम्ही तिघं. चौथं नाव त्यानं जरा थांबून लिहिलं,
आन्सेल्मोमामा.

मामा पाटकरी होता.
चाळीस वर्षं द्राक्षमळ्यांची दारं धरली त्यानं,
कुणाची पाळी किती मिनिटांची
ते घड्याळ न बघता सांगायचा.
आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दुधावर साय धरावी तसा.
मामा, म्हटलं, चला, फिरून येऊ चिलीला.
म्हणाला, "माझ्या नावावर काय आणायचंय?"

उस्पायाता मागे पडलं आणि डोंगर बोडके झाले.
पलीकडे फळ नेऊ देत नाहीत, बीसुद्धा नाही,
म्हणून बोगद्याच्या अलीकडे सगळी बस पीच खायला बसली,
अनोळखी माणसं एकमेकांना आग्रह करत होती
लग्नाच्या पंगतीतल्यासारखा.
कोपरापर्यंत रस. पिशवीत कोयी गोळा केल्या.
मिलाग्रोसनं मोजल्या, एक कमी.
मामाचा गाल फुगलेला.
नाक्यावरच्या कुत्र्यानं त्याचे बूट हुंगले, पिशवी हुंगली.
मामा तोंड मिटून, देवळात बसावा तसा.

दुकानात चाळीस टीव्ही एकाच वेळी
एकच धबधबा दाखवत होते.
मामानं एकाच्या पाठीवर हात ठेवला,
"हा तापतो," म्हणाला. आम्ही तोच घेतला, स्वस्त होता.
पावतीवर नाव: आन्सेल्मो किरोगा.
मग तो गाड्यांच्या तळामागे लघवीला म्हणून गेला
आणि बराच वेळ आला नाही.
आला तेव्हा नखांत माती, गाल बसलेला.
मी काही विचारलं नाही. बस सुटत होती.

परतीच्या नाक्यावर पहाटेचे तीन,
फेब्रुवारीतही हाडं वाजतील अशी थंडी.
खोकी ओळीनं. खोक्यामागे ज्याची त्याची माणसं.
कोवळा अधिकारी पावतीकडे बघे, मामाच्या डोळ्यांकडे बघे.
"आजोबा, टीव्ही तुमचा?"
"माझाच."
"दिसतं का तुम्हाला?"
आम्ही श्वास धरला. पढवलेलं इथवरच होतं.
मामा म्हणाला, "तुझ्या घरी रात्री एकटं असलं की
तू टीव्ही बघतोस, का नुसता लावून ठेवतोस?"
त्यानं शिक्का मारला. जोरात मारला.

जुलैत मामा गेला.
ऑगस्टमध्ये पडद्यावर वरपासून खालपर्यंत
एक हिरवी रेघ उमटली.
गॅरंटी होती, दोन वर्षांची,
फक्त चिलीत, आणि पावतीवरच्या माणसानं
स्वतः हजर राहायचं.
रुबेन वही घेऊन बसला. दुरुस्तीचा आकडा मिळवला,
एकदा बेरीज केली, पुन्हा केली,
मग पेन्सिल कानावर ठेवून मॅच लावली.
चेंडू रेघेत शिरतो, पलीकडून निघतो.
विमानातून आमचा मुलूख असाच दिसतो म्हणतात,
बोडक्या मातीत एकच हिरवा पाट.
मिलाग्रोस म्हणते, मामानं दार उघडं टाकलंय.
तिचा बाप हसत नाही.

यंदा फोन आणायचे म्हणून पुन्हा गेलो. तिघंच.
शेजारच्या ओफेलियाबाई येते म्हणाल्या होत्या,
"मलाही मोजा," पण त्यांचा गुडघा धरला.
बोगद्याआधी पीच खाल्ली, कोयी मोजल्या, बरोबर भरल्या.
दुकानामागे जाऊन बघायचं मनात होतं.
रांग लांब होती, रुबेन म्हणाला नंबर जाईल,
आणि मी हातातलं टोकन बघत राहिले,
एकशे बारा,
काचेपलीकडे गाड्या मागे घेत होते,
तिथं काही हिरवं होतं की गाडीच हिरवी होती.