भाड्याचा लाल डबा

रहमतभाईच्या वेल्डिंगच्या दुकानात
एक लाल डबा टांगलेला असायचा, दोन किलोचा.
पासिंगच्या दिवशी वीस रुपये देऊन न्यायचा,
साहेबाला सीटखाली दाखवायचा,
संध्याकाळी परत खिळ्याला.
घाटंजीतल्या अकरा गाड्या
त्या एका डब्यावर पास झाल्या.
आत पावडर आहे की नुसती हवा,
कोणी विचारलं नाही.

चार दिवस झाले, मी तो परत केला नव्हता.
आळस. दुसरं कारण नाही.

पारव्याच्या अलीकडे, चढावर,
आधी वास आला,
सायकलची ट्यूब जाळल्यासारखा.
वाटलं, कोणीतरी धुऱ्यावर पऱ्हाट्या पेटवल्या असतील.
दीड किलोमीटर मी तसंच वाटू दिलं.
मग बोनेटच्या फटीतून धूर,
आधी पांढरा, मग म्हशीच्या रंगाचा.

चावी बंद. हँडब्रेक.
"उतरा" म्हणालो, पण आवाज
दुसऱ्याच कोणाचा तरी निघाला.
माझ्या सुमोचं मागचं दार आतून उघडत नाही;
धावत जाऊन बाहेरून ओढलं.
सकराबाई उतरेना. मांडीवर मोहफुलांचं गाठोडं.
"राहू दे थे, माय."
"राहू कसं देऊ? आठ दिस येचलं म्या!"
गाठोड्यासकट उचलली तिला.
गाठोडंच जड होतं.

सगळे लांब, पळसाखाली.
एक पाहुणा पाण्याची कॅन घेऊन पळत आला,
माझा हात बोनेटवर,
तेवढ्यात कुमऱ्यांची प्रणाली ओरडली,
आयटीआयची, फिटर, दुसरं वर्ष,
रोज खिडकीजवळ बसते, कधी बोलत नाही:
"काका, पूर्ण उघडू नोका, हवा भेटन त्याले!
अन् पाणी नाई. डिझेल हाय थे."

सीटखालून डबा निघायला तीन हिसके.
दुपट्टा हाताला गुंडाळून बोनेट बोटभर उचललं.
"जाळावर नाई, बुडाशी मारा."
पिन ओढली. दाबलं.

काहीच नाही.

तेवढ्यात मला अकराही मालक दिसले,
साहेबासमोर डबा धरून हसणारे,
त्यात मी.

मग फस्सकन सुटला.
डावीकडून उजवीकडे, अंगण झाडावं तसा.
दहा मोजेपर्यंत डबा संपला, आगही.
आधी काय संपलं, सांगता येत नाही.

पुन्हा पेटेल म्हणून अर्धा तास
पोरीनं कोणाला जवळ जाऊ दिलं नाही.
गार झाल्यावर पाहिलं:
बॅटरीच्या कडेला उंदराचं घर,
शेजारच्या ओसरीतला कापूस
चिमूट चिमूट आणून केलेलं,
आणि वायरची साल सोललेली,
सबंध वीतभर, फार निगुतीनं.

रिकामा डबा घेऊन दोन दिवसांनी गेलो.
रहमतभाईनं हातात तोलून पाहिला.
"चालला?"
"चालला."
चष्मा कपाळावर सारून तो बराच वेळ बसून राहिला.
"नऊ साल हुए," म्हणाला,
"मुझे खुद नहीं लगा था."
मग सहा दिवसांचे एकशेवीस कापून घेतले,
भरायचा खर्च अर्धा अर्धा.

आता माझा स्वतःचा आहे.
सीटखाली नाही, सीटच्या बाजूला,
पट्ट्यात, न बघता हात पोचेल असा.
दर एक तारखेला काटा हिरव्यात आहे का बघतो,
उलटा करून हलवतो, पावडर गोठू नये म्हणून.
सकाळी चावी लावायच्या आधी बोनेट उघडतो,
कापूस दिसला की काढतो.
उंदीर रात्री पुन्हा आणतो.
आमचं चालू आहे.

परवा दिवाकर नैताम आला.
"उद्या पासिंग हाय. एक दिवस डबा दे,
वीसचे तीस घे."
मी मागचं दार खोलून बसलो होतो,
तोंडात चार स्क्रू.
नुसती मान हलवली.
कोणत्या बाजूला, ते त्याला कळलं.