नाळेकडची जागा

चोपन्न फूट. चार खोल्या, चार संडास,
बर्फाचं कपाट, उलट्या टांगलेल्या पेल्यांची फळी.
पाहुणे आठवड्यासाठी येतात, गिऱ्हाइकाने लिहिलंय,
त्यांना समुद्र हवा, पण हलणारा नको.

रासईच्या शेडमध्ये, जुवारीच्या ओहोटीच्या वासात
मी नकाशा पसरते,
कोपऱ्यांवर खिळ्यांचे डबे.
कायतान मेस्त चष्मा कपाळावर ढकलून
बोटाने चालत जातो कागदातून :
जिना उतरतो, सोफ्याला वळसा घालतो,
एका पलंगावर पळभर टेकतो.
"कणा उथळ ठेवलास, बरं केलंस.
आग्वादच्या वाळूला पाहुणे कळत नाहीत."

मग बोट नाळेपाशी थांबतं.
मुद्द्याचं तो कोकणीतच विचारतो :
"आनी मिंगेल खंय न्हिदतलो?"

मिंगेल, म्हणजे जो शीड चढवेल, इसवण तळेल,
रात्री वारा फिरला की सगळ्यांआधी उठेल.
मी दाखवते. नांगराच्या साखळीशेजारी,
पाच फूट सहा इंच, वरून झडप.
संगणकात तिथे मी एक बाहुला निजवला होता.
मावला होता.

मेस्त खडू घेतो,
जमिनीवर तेवढाच त्रिकोण आखतो
आणि सत्तरीचा माणूस, गुडघे मुडपून, आत आडवा होतो.
भुशात. डोळे मिटून.
पोरं रंधे थांबवून बघतायत.
बाहेर पाणी परत चढायला लागलंय.
मेस्त उठत नाही.

मी खोडरबर शोधते.
दुसऱ्या खोलीतलं कपड्यांचं कपाट,
वीतभर.
नाही, दोन.