सहा फूट पाइप

खणभागातल्या आमच्या न्हाणीत
हारूण मुजावरने गीझर लावलाच नाही.
"बाहेर. मागच्या भिंतीला, वाऱ्यावर."
सहा फूट पाइप वाढला, वर तीनशे रुपये.
मी कुरकुरलो.

त्याने जोडांना साबणाचा फेस फासला
आणि मान वाकडी करून बसून राहिला,
एखादा तरी बुडबुडा फुगतोय का बघत.
मग काडेपेटीएवढ्या काचेतून
ज्योत दाखवली. निळी.
"पिवळी दिसली की बंद. आधी बंद, मग मला फोन."

जाता जाता न्हाणीच्या झरोक्यात
थंडीपायी मी कोंबलेला चिंध्यांचा बोळा
उपसून माझ्या हातात दिला.
"माधवनगरात एकदा दार फोडलं होतं,"
चहा निवेस्तोवर एवढंच बोलला.
"आत पाणी चालूच होतं.
कढत."