कमाल मर्यादा

लिव्हिंग्स्टनच्या पाइनवनात
चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या काटकोनात पडून आहेत.
आत हवा नाही. प्रकाश जातो, परत येतो.
माझ्या बापाने इथली झाडं तोडली.
आता कुठे करवत लागली की मी नोंदवते :
वाय बाजू, लाकूडतोडे, नऊ चाळीस.

शर्मिष्ठेत एक तारा आहे,
साडेतीनशे वर्षांचं तान्हं.
शहराएवढा, सूर्याहून जड, स्वतःभोवती गरगरणारा.
अंगावर कुठे तिळाएवढी टेकडी असेल
तर तो अवकाश घुसळत असेल
न थांबता, एका सुरात.
असेल तर.
अजून त्याने ताकास तूर लागू दिलेला नाही.

मे महिन्यात एक रेघ सापडली.
हानोफरहून वीब्केचा फोन : ओदील, हे बघ.
तीन आठवडे आम्ही दोघी हळू बोलत होतो,
पाळण्याशेजारी बोलावं तसं.

मग कच्च्या नोंदी उघडल्या.
रेघ सरळ होती. अगदी सरळ.

आपण फिरतो ना,
दिवसाची एक गिरकी, वर्षाचा एक वळसा;
खरोखर दूरचा सूर
आपण जवळ गेलो की चढतो, लांब गेलो की उतरतो.
त्याच्यात आपली चाल उमटते.
जो आपल्यासोबत जराही डोलत नाही
तो घरातलाच.

रात्रभर मी कानोसा घेत हिंडले.
पंपघर. जनरेटर. बेडकांनी भरलेलं गटार.
पहाटे, जिन्याखालचं थंड पाण्याचं यंत्र :
पंख्याचं एक पातं अर्धं तुटलेलं,
म्हणून तोल गेलेला,
म्हणून ऐकू येणारा.
हात ठेवला. थरथर कोपरापर्यंत आली.
बटण दाबलं.
रेघ गेली.

वीब्के बराच वेळ गप्प होती. मग हसली.
मग म्हणाली, बाळ उठलंय, ठेवते.
तिला खरंच बाळ आहे, हे मला तेव्हा कळलं.

लेखात आम्ही लिहिलं : काही आढळले नाही.
आणि त्याखाली एक आकडा :
टेकडी असलीच, तर याहून ठेंगणी.

रविवारी बाप विचारतो, ऐकू आलं का?
मोठ्याने विचारतो; त्याचे कान करवतीने नेले.
मी अंगठा आणि तर्जनी जवळ आणून
मधली फट दाखवते.
गेल्या वर्षीपेक्षा अरुंद.
तो चष्मा पुसतो,
माझं मनगट धरतो,
आणि फटीतून एक डोळा मिटून
पलीकडे बघत राहतो.