पाठकोरा

नव्या पेठेतून आणला, जुनाच.
चौघींत मिळून बत्तीसशे.
फोनमध्ये त्याचं नाव दिसायचं नुसते आकडे,
म्हणून सुगंधानं ठेवलं: मल्लव्वा.
तिच्या गल्लीतल्या गिरणीवालीसारखी,
काम सांगितलं की आधी खोकणार,
मग विचार करणार,
मग नाही म्हणणार.

वायर नव्हती, त्याचंच कौतुक.
वायफाय खालच्या मजल्यावर, घरमालकांचं.
बिराजदार काकांनी सिरियल लावली
की आमची पानं जिन्यातच अडकायची.
रेश्मा नदाफ मग लॅपटॉप डोक्यावर घेऊन
पायऱ्या उतरायची, एकेक,
घागर सांभाळावी तशी.
"आलं का बे?"
"मल्लव्वा ऑफलाइन आहे."
पाणी निदान पाचव्या दिवशी यायचं.

भिंतीला खिळ्यावर वही टांगलेली:
नाव, पानं, पानाला दीड रुपया.
काळी शाई सगळ्यांची,
रंगीत जिची तिला.
आणि खाली खोक्यात पाठकोरे,
एका बाजूनं वाया गेलेले,
ते कच्च्या कामाला.

चौथी नागमणी येमूल. ती आमच्यात राहायची नाही.
राहायची विडी घरकुलात, आईसोबत,
रोजच्या हजार विड्यांच्या मधे थोडी जागा करून.
तिथून पाठवायची प्रॅक्टिकलची पानं,
मल्लव्वाच्या ईमेलवर,
आणि दोन बस बदलून घ्यायला यायची.
"कागद माझ्या आधी पोचतो बघ," म्हणायची,
"त्याला तिकीट नाही की."

एप्रिल. त्रेचाळीस.
दुपारी गेलेली वीज रात्री दोनला आली.
आधी पंखा फिरला,
मग कोपऱ्यात मल्लव्वा खोकली
आणि दिवसभर तुंबलेलं सगळं ओकायला लागली:
रेश्माचे ग्राफ,
सुगंधाचा स्टायपेंडचा फॉर्म, तीनदा
(तीनदा दाबलं होतं तिनं, रागानं),
माझी अर्धीच जर्नल,
आणि मग एक पान, माझं नव्हतं.

मा. प्राचार्य यांस,
विषय: प्रवेश रद्द करून दाखला मिळण्याबाबत.
कारण: घरगुती.
विनंतीपर्यंत शाई पुरली.
खालची सही टॉवेलच्या काठासारखी,
एक पट्टा काळा, एक पट्टा पांढरा,
येमूल मधला ये गेलेला.

दोघी झोपल्या होत्या.
मी पान धरून बसले. गरम होतं अजून.
खोलीत कुणी न येता
खोलीत कुणी काही बोलून जावं, तसं.
वायर असती तर निदान
कुठून आलं ते हातानं चाचपता आलं असतं.

सकाळी तिचा फोन.
"माझं एक पान आलं का गं? काल टाकलेलं."
मी म्हणाले, मल्लव्वा ऑफलाइन आहे.
मल्लव्वा समोरच होती.
हिरवा दिवा, टक्क उघडा.
"बरं," ती म्हणाली. "असू दे."
परत पाठवते, असं नाही म्हणाली.
मी वाट बघितली.

शाई आणली मी, माझ्या पैशानं.
वहीत मांडली नाही.
परीक्षेचं वेळापत्रक लागलं, चौघींचं काढलं,
तिचं मुद्दाम त्या पाठकोऱ्यावर.
मुद्दाम की भित्रेपणानं, अजून कळत नाही.
बोलायचं होतं ते तोंडानं बोलता आलं असतं.

शनिवारी आली. चप्पल दारातच ठेवून उभी राहिली.
बोटांना तंबाखूचा वास, नेहमीचा.
वेळापत्रक वाचलं.
पान उलटलं.
खालून बिराजदार काकांच्या टीव्हीत कुणीतरी मोठमोठ्यानं रडत होतं.
परत सरळ केलं.
"शाई भरली वाटतं," म्हणाली.
"होय."

पान चार घड्या घालून पिशवीत टाकलं.
मग खिळ्यावरची वही काढून स्वतःच लिहिलं:
नागमणी, एक पान.
पुढे दीड खोडून
तीन.
आणि सुटे नव्हते माझ्याकडे, तरी
पाचाचं नाणं मल्लव्वाच्या डोक्यावर ठेवून
जिना उतरून गेली.