मुका

आमच्या गावात "देवळात गेलीस का?" असं विचारत नाहीत.
विचारतात, "मुका घेतलास?"
कारण बहुतेकांची वाट दारापाशीच संपते.

माझी आई अस्नाकेच दारापर्यंतही गेली नाही.
कुंपणाच्या तिसऱ्या दगडाला ओठ टेकवायचे,
नेतेला डोक्यावर ओढून परत फिरायचं.
त्या दगडाला आता खळगा पडलाय,
पाऊस झाला की चिमण्या त्यात पाणी पितात.

आत देऊळ गोल. त्या गोलात आणखी एक गोल.
सगळ्यांच्या पोटात, पडद्याआड, ती पाटी
जी फक्त पुजाऱ्यांनी बघायची.
"तिथं कोण राहतं?"
"राहतो तो राहतो. तू डबा नीट धर, पाणी सांडतंय."

सगळी टेकडी बोडकी, टेफसाठी नांगरलेली.
झाडं उरली ती देवळाभोवती,
देवाच्या धाकानं. वेइरा, देवदार,
आणि त्यांच्या सावलीबाहेर बसलेली आई,
वाऱ्याची दिशा बघून.

माझ्या वेळी ती तीन दिवस अडली होती.
आत काहीतरी फाटलं, ते पुढं कुणी शिवलं नाही.
रात्रंदिवस झिरपायचं.
बायका नाकाला पदर लावायच्या, काही बोलायच्या नाहीत,
बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

गुड फ्रायडेला अब्बा मेर्शा वाचायचे
यरुशलेममधल्या त्या पडद्याचं,
वरून खालपर्यंत फाटला तो.
कुंपणाबाहेर आम्हाला अर्धंच ऐकू यायचं.
मी लहान होते, मला वाटायचं
तो पडदाही कुणीतरी जन्मताना फाटला असणार.
अजून तसंच वाटतं.

शेवटच्या महिन्यात आईला उठवेना.
मी निरोप धाडला, येतील असं वाटलं नव्हतं.
अब्बा आले, चिखलात गुडघ्यापर्यंत,
भाकर छातीशी कापडात गुंडाळलेली.
पावसानं वास जमिनीलगत धरून ठेवला होता.
त्यांनी जोडे काढले, दोन्ही,
जसे तिथं काढतात.
मग वाकले
आणि आमच्या झोपडीच्या चौकटीचा मुका घेतला.

आई अंथरुणातून खेकसली,
"अब्बा! परवाच शेणानं सारवलीय ती!"

त्यांनी ओठ पुसले नाहीत.